टँकर रस्त्यात भरत नसतो

नातीनं पुण्यात बसून दोन वर्षं एक गेम बनवला आणि मी छावणीत बसून तो आठ दिवसांत बिघडवला. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्याकडं ही गोष्ट जो तो आपापल्या परीनं सांगतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मी होतो त्यापेक्षा जास्त येडा ठरतो.

ते दुष्काळाचं साल होतं. आमच्या सोसायटीनं मांजरसुंब्याच्या अलीकडं, हायवे सोडून आत, माळावर जनावरांची छावणी लावली होती. माझे दोन बैल आणि एक गाय तिथं दावणीला होती. सकाळी उसाचं वाढं आणि पेंड घ्यायची, जनावरांपुढं टाकायची, हौदावर नेऊन पाणी पाजायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात काहीच नाही. जनावर खुंट्याला बांधलेलं आणि माणूस जनावराला. वर हिरवी जाळी, खाली धूळ. दोन महिने असं बसलं की माणसाला कशाचाही संशय यायला लागतो. मला तर तो आधीपासूनच येतो.

नात माझ्या थोरल्याची. अंबाजोगाईला शिकली, मग पुण्याला नोकरीला लागली. काय करते विचारलं तर म्हणाली, कंपनी मोबाइलवरचे गेम बनवते. लोकांनी खेळावं म्हणून खेळ बनवायला पगारावर माणसं ठेवतात, हे मला पटायला वर्ष लागलं. मी तिसरीतून शाळा सोडली, पण एवढं कळतं की ज्यातून कुणाचं पोट भरत नाही त्याला कुणी पगार देत नाही. तेव्हा यात कुणाचं तरी पोट भरत असणार, आणि ते आपलं नसणार, असं मी धरून चाललो होतो.

एके दिवशी ती दुपारीच छावणीवर आली. पाठीला पिशवी. पिशवीत आठ मोबाइल. एकाच रंगाचे, मागं कागद चिकटवून नंबर टाकलेले.

"आबा, हे इथल्या लोकांना खेळायला द्यायचेत."

"फुकट?"

"फुकट. मी जाताना परत घेणार."

"मंग त्याचा फायदा काय?"

"कुणाचा?"

"देणाऱ्याचा. घेणाऱ्याचा फायदा दिसतोच हाय."

ती हसली आणि पेंडीच्या पोत्यावर बसली. मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या ऑफिसात दिवसभर गेम खेळणारी पोरं आहेत, त्यांना तिचा गेम बरा वाटला. पण कंपनीला तो सगळ्यांच्या मोबाइलवर घालायचाय. ज्यानं जन्मात गेम खेळला नाही त्याच्याही. म्हणून तसली माणसं पाहिजेत. कोण कुठं हरला, किती वेळा हरला, हरल्यावर पुन्हा खेळला का मोबाइल खाली ठेवून दिला, हे सगळं मोबाइल आपोआप लिहून घेतो आणि पुण्याला पाठवतो.

"आपोआप लिवून घेतो," मी म्हणालो.

"हो."

"अन् पुण्याला पाठवतो."

"आबा, तुमचा सात-बारा नाही पाठवत. फक्त खेळ पाठवतो."

तेवढ्यावर मी विषय सोडला, पण 'आपोआप लिहून घेतो' हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तिचा गेम टँकरचा होता. पाण्याचा टँकर चालवायचा आणि गावात न्यायचा. उजव्या अंगठ्यानं रेस, डाव्या अंगठ्यानं ब्रेक. बाजूला एक निळी पट्टी, ती म्हणजे टाकीतलं पाणी. गचका बसला की पाणी सांडणार, पट्टी खाली येणार. गावात घागरींची रांग लागलेली. दिवस मावळायच्या आत पोचायचं आणि निम्म्याच्या वर पाणी न्यायचं. नाहीतर पहिल्यापासून. पहिल्या गावाचा रस्ता सरळ, दुसऱ्याला खड्डे, तिसऱ्या गावाच्या आधी घाट. तो घाट मी बघताक्षणी ओळखला. मांजरसुंब्याचाच होता, फक्त ढाबे नव्हते.

"साहेबांचं म्हणणं, घाट फार अवघड आहे," ती म्हणाली. "लोक दोनदा हरतील आणि सोडून देतील. माझं म्हणणं, घाट आहे तसाच राहू द्या. इथली माणसं घाट चढली, निदान चढायचा प्रयत्न करत राहिली, तर गेम मी बनवला तसा निघेल. नाहीतर साहेब त्यात हात घालणार. मग तो माझा राहत नाही."

"मंग हितंच कावून आली? सोपी माणसं बघायची कुठं तरी."

"इथले लोक खोटं खेळणार नाहीत म्हणून आले, आबा."

हे ती खरंच बोलली. माझ्या तोंडावर बोलली.

मग ती वही घेऊन दावणी दावणीनं फिरली. प्रत्येकाला वय विचारलं, किती शिकलात विचारलं, याआधी गेम खेळलात का विचारलं, आणि मोबाइलचा नंबर वहीत टाकला. आमच्या गावच्या किराणा दुकानदाराची एक जर्सी गाय छावणीत होती. त्याला सगळे आप्पा म्हणतात. कपाळाला विभूतीचे पट्टे, दुकान पोरावर टाकून दिवसभर माझ्याशेजारी. त्यानं मोबाइल घेतला, उलटा करून मागचा नंबर वाचला आणि विचारलं, "माय, ह्यो कशाचा सर्वे हाय?"

"सर्वे नाही आप्पा. गेम आहे."

"हां हां, गेम," आप्पा म्हणाला, आणि ती पुढं गेल्यावर माझ्याकडं बघून त्यानं एक डोळा झाकला.

आता बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडं दुष्काळात वही घेऊन माणूस आला आणि "किती झालं" म्हणाला की कमी सांगायचं असतं. पीक किती आलं? निम्म्याच्या खाली. विहिरीला पाणी किती? तळाला. कसं चाललंय? लई अवघड. हे खोटं बोलणं आहे असं कुणाला वाटत नाही. ती रीत आहे. जास्त सांगणाऱ्याच्या नादानं अख्खं गाव दुष्काळाच्या यादीतून निघतं, आणि मग त्या शहाण्याला गाव वर्षभर बोलत राहतं. पेरणी कशी करायची हे कुणी शिकवत नाही आणि हेही शिकवत नाही, पण दोन्ही सगळ्यांना येतं.

खेळून झालं की त्या मोबाइलवर एक प्रश्न यायचा. खेळ कसा वाटला? खाली तीन खोके. सोपा, बरोबर, अवघड.

लोक माझ्याकडं आले. नात माझी, म्हणून. "आबा, काय दाबायचं?"

मी म्हणालो, "ह्यात काय हाय ते मला बी ठावं न्हाई. पण सोपं म्हनणाऱ्याला आजवर काय मिळालंय का? अवघड दाबा. अन् नुसतं दाबून भागायचं न्हाई, ते खेळ बी लिवून घेतंय. तवा हरा."

एवढंच बोललो. जास्तीचं काही नाही.

मग काय, आठही मोबाइल हरायला लागले. पहिल्याच गावाच्या सरळ रस्त्यावर लोक टँकर दगडावर घालायला लागले. त्यात सगळ्यांना मजा यायला लागली. "बघ बे, माझा कसा पालथा झाला!" म्हणून एकमेकांना दाखवायचे. एकानं तर टँकर जागचा हलवलाच नाही, दिवस मावळेपर्यंत तसाच धरून बसला. आप्पा म्हणाला, हा खरा हुशार, डिझेल वाचवलं.

मीही हरत होतो. पण एक सांगतो, हात आवरत नव्हता. दोनदा खड्ड्यांच्या रस्त्याला मी नीट गेलो, आणि गाव दिसायला लागल्यावर आठवण झाली की आपल्याला हरायचंय. तेव्हा टँकर खड्ड्यात घातला. आयुष्यात हरलो नाही असं नाही, पण मुद्दाम हरायला अंगात वेगळं काही लागतं. ते माझ्यात कमी आहे.

पाच-सहा दिवसांनी नात मोबाइल बघत माझ्याशेजारी बसली. तोंड उतरलेलं.

"आबा, लोक पहिल्याच गावाला हरतायत. सरळ रस्त्यावर."

"हां?"

"घाटापर्यंत कुणी पोचलंच नाही. मला वाटलं होतं घाटात अडतील."

मी गाईच्या अंगावरच्या माशा हाकल्या. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण मनात म्हटलं, कंपनी मोठी आहे, लोक फारच गांजलेत असं दिसलं तर काहीतरी देईल. आणि नाही दिलं तर आपलं काय गेलं? आपलं म्हणताना नात धरायची का नाही, हा विचार मी केला नाही.

आठव्या दिवशी पुण्याहून निरोप आला. साहेब म्हणाले, सामान्य माणसाला हे झेपत नाही. सोपं करा. दोन दिवसांत नवा गेम आठही मोबाइलवर आपोआप येऊन बसला. नातीनं डबा आणला होता, तो माझ्याजवळ ठेवला आणि घरी गेली.

"सामान्य माणसाला झेपत नाही." हे मला लागलं. ज्या साहेबानं मला बघितलं नाही त्यानं हे म्हणायचं, आणि तेही मी त्याला म्हणू दिल्यावर.

नवा गेम आल्यावर कुणाला हरायची गरज राहिली नाही. निकाल लागलाय, आता काही मिळायचं नाही, असं लोकांनी धरलं आणि मन लावून खेळायला लागले. आप्पा पहिल्या दिवशी दोन गावं गेला. दुसऱ्या दिवशी तीन-चारदा हरून घाट. ओरडलाच. "चढलो बे! घाट चढलो!" आणि खिशातल्या पुडीतला गूळ सगळ्यांना वाटला. दुकानात आलेल्या पोराच्या हातावर खडीसाखरेचा खडा न ठेवणारा आप्पा. मीही चौथ्या वेळेला घाट चढलो. मोबाइलवर मोठ्या अक्षरात आलं, "शाब्बास!"

तिथं मी थांबलो. मला उगाच शाब्बास म्हणणारा माणूस आजवर मतं मागायलाच आलेला आहे.

चढताना एका वळणावर माझा टँकर कठड्याला घासला होता. चांगला गचका बसला होता. निळी पट्टी मी बघत होतो. ती खाली आली नाही. उलट, पुढच्या वळणाला मला ती बोटभर वर गेल्यासारखी वाटली.

आता टँकरचं मला कुणी शिकवू नये. आमच्या गावाला टँकर लागतो तेव्हापासून मी टँकर बघतोय. भरून निघालेला टँकर कमी होऊन येतो. गळतो, सांडतो, वाटेत कुणाच्या तरी हौदाला लागतो. निम्मा आलेला पाहिलाय, रिकामा आलेला पाहिलाय. पण रस्त्यात भरलेला टँकर मी आजवर पाहिलेला नाही. ते पाणी कुठून आलं?

संशय आला की तो तपासायची माझी एक पद्धत आहे. आमच्या दूध संस्थेत फॅट लावायचं मशीन नवीन आलं तेव्हा मी एकाच म्हशीचं, एकाच धारेचं दूध दोन कॅनमध्ये केलं. एक माझ्या नावावर घातलं, एक शेजाऱ्याच्या. शेजारी संचालकाचा मेव्हणा. दोन चिठ्ठ्या आल्या, दोन्हीवर फॅट वेगळं. मी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन सर्वसाधारण सभेत उभा राहिलो. कुणी उत्तर दिलं नाही, चहा आला. पण मला जे कळायचं ते कळलं.

तसंच इथं केलं. आप्पाचा मोबाइल मागून घेतला आणि नातीकडून दोन्ही मोबाइलवरचा खेळ पहिल्यापासून करून घेतला. का, ते तिला सांगितलं नाही. एका मोबाइलवर मी नीट खेळत गेलो. दुसऱ्यावर मुद्दाम तीनदा हरलो. मग दोन्हींवर घाट लावला आणि दोन्हींवर त्याच वळणाला, त्याच कठड्याला, टँकर घासला. नीट खेळलेल्या मोबाइलची पट्टी सर्रकन खाली आली. हरलेल्या मोबाइलची हलली नाही.

"आप्पा, हिकडं ये. बघ."

आप्पानं बघितलं. मी पुन्हा करून दाखवलं.

"म्हंजे मी चढलोच न्हाई?"

"तुला ढकललं मागून."

"तुला कुनी सांगितलं व्हतं तपासायला?" आप्पा एकदम तापला. "आं? जिंकलो व्हतो ना मी? दुकान चालंना, गाय दूध दीना, सांज-सकाळ पेंडीच्या रांगंत उभा ऱ्हातो. एक घाट चढलो तर तुझ्या पोटात कावून दुखलं बे?"

"खोटा चढला."

"असू दे की खोटा! मला काय त्या घाटातून खरं पाणी आणायचं व्हतं?"

त्या दिवशी तो माझ्याशेजारी बसला नाही. दोन दावणी सोडून बसला. मी खरं तेच दाखवलं होतं, तरी त्याचा गूळ वाया गेला तो माझ्यामुळं, हे मला दिसत होतं.

नात आली तशी मी तिला दोन्ही मोबाइल दाखवले. ती बघत राहिली.

"आबा, हे तुम्ही शोधलं?"

"खरं हाय का न्हाई ते सांग."

"खरं आहे. तीनदा हरलं की सांडणं कमी होतं. थोडं पाणी परतही येतं. पण खेळणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असं असतं. बऱ्याच गेममध्ये असतं."

"कळू द्यायचं न्हाई, हे कावून?"

"कळलं की मजा जाते."

मी तिला गोऱ्ह्याचं सांगितलं. गोऱ्हा कामाला लावायचा तर पहिल्याच दिवशी कुणी नांगराला जुंपत नाही. आधी मोठ्या बैलाच्या जोडीला धरून नुसता ओंडका ओढायला लावायचा. मग कुळव. मग नांगर. हलक्यापासून सुरू करायचं, त्यात काही पाप नाही. पण ओंडका मागून उचलून धरायचा नसतो. माझ्या चुलत्यानं एका गोऱ्ह्याला दया येऊन तसं केलं होतं. ओंडका दोरीनं वर धरून मागं चालायचा. त्या गोऱ्ह्याला पुढं खरं ओझं लागलं की तो उभा राहायचा आणि मागं वळून बघायचा. अखेर विकावा लागला.

"आबा, माणसं गोऱ्हे नाहीत," ती म्हणाली. "कुणी दिवसभर काम करून येतं. दहा मिनिटं खेळतं. त्याला जरा जिंकावंसं वाटलं तर त्याला नांगर का ओढायला लावायचा? आप्पांना किती आनंद झाला होता."

"मंग तू घाटासाठी कावून भांडत व्हती?"

"कारण तो मी चढले होते," ती म्हणाली. "लहानपणी तुमच्याबरोबर, टँकरवर बसून. मला भीती वाटली होती आणि तुम्ही ड्रायव्हरला टँकर थांबवू दिला नव्हता. मला तेवढंच पाहिजे होतं त्यात. पण जाऊ द्या. आकडेच तसे आले. तुम्हाला तर आबा, सरळ रस्तासुद्धा जमला नव्हता."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. माझ्यावर कशाचाही आळ घ्या, सरळ रस्ता जमला नाही हा घेऊ नका.

"आमी मुद्दाम हरलो," मी म्हणालो. "सगळे. मीच सांगितलं व्हतं."

का ते सांगितलं. वही, सर्वे, अवघडचा खोका, सगळं. ती ऐकत होती. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती म्हणाली, "मी ऑफिसात सगळ्यांना सांगून आले होते की माझ्या गावचे लोक खोटं खेळणार नाहीत." आणि उठून हौदाकडं गेली. परत आली तेव्हा आवाज कोरडा होता.

"चार दिवस आहेत माझ्याकडं. जुना गेम मी परत घालते. खरं खेळायला सांगा त्यांना. तुम्हीच सांगा."

संध्याकाळी पेंडीची रांग लागली तेव्हा मी पुढं उभा राहून सांगितलं. गड्यांनो, ते सर्वेचं काही नव्हतं. माझी चूक झाली. आता जुना गेम खरा खेळा आणि वाटेल तोच खोका दाबा.

रांगेत कुजबूज झाली.

"म्हाताऱ्याला कंपनीनं गाठलं वाटतं."

"नात हाय त्याची. घरातलाच मामला."

"परवा म्हनला अवघड म्हना, आज म्हनतो सोपं म्हना."

"सोपं म्हना म्हनलो न्हाई," मी ओरडलो. "खरं म्हना म्हनलो!"

"तेच ते," मागून कुणीतरी म्हणालं, आणि रांग हसली.

मी सगळा जन्म दुसऱ्यावर संशय घेतला. रांग माझ्यावर घेत होती तेव्हा कळलं की याला उत्तर नसतं. शपथ घेतली तर म्हणतील, बघा, शपथ घेतो. गप्प बसलो तर म्हणतील, बघा, गप्प बसला. आप्पा रांगेत होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी हौदाजवळ, जिथून सगळ्यांना जावं लागतं, तिथं पोतं टाकून बसलो आणि जुना घाट खेळायला लागलो. खरा. बोलणं बंद. हरलो. पुन्हा लावला. हरलो. पहिल्या वळणाला पाणी जायचं, नाहीतर तिसऱ्या वळणाला टँकर मागं यायचा. मोबाइलची अक्षरं माझ्या डोळ्यांना नीट दिसत नव्हती आणि अंगठे जाड. हे मी कारण म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो. पाणी पाजायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. मला हरताना बघायचं म्हटल्यावर सवड सगळ्यांना होती.

"आबा, ब्रेक!"

"आता मारून काय उपेग, गेला की."

"पुना गेला! मोजा रं कुनीतरी."

एवढ्या लोकांसमोर, एवढ्या वेळा, मी कधी हरलो नव्हतो. सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा एकदाच. कान गरम व्हायचे. उठावंसं वाटायचं. पण उठलो तर माझं हरणं परत मुद्दाम ठरलं असतं, म्हणून बसलो. दुपारपर्यंत एक जण म्हणाला, "आना हिकडं, तुमच्या बाच्यानं व्हायचं न्हाई," आणि मोबाइल ओढून घेतला. तोही हरला. मग त्याला हसणाऱ्यानं आपला मोबाइल काढला. संध्याकाळपर्यंत आठही मोबाइल घाटात होते. कुणी पुण्याचा विचार करत नव्हतं, खोक्याचाही नाही. म्हाताऱ्यापेक्षा आपण पुढच्या वळणाला गेलो पाहिजे, एवढंच. जे काम माझ्या सांगण्यानं झालं नाही ते माझ्या हरण्यानं झालं.

आप्पा तिसऱ्या दिवशी येऊन बसला. "आण," म्हणाला, एवढंच. सहाव्या वळणापर्यंत गेला आणि हरला. मग दोन्ही हात मांडीवर आपटून हसला.

घाट पहिल्यांदा चढली ती आमच्या भावकीतली म्हातारी. तिला सगळे मावशी म्हणतात. ती शेळ्या घेऊन छावणीत असायची, मोबाइल तिला दिलेलाही नव्हता. आम्ही सगळे पुरुष घाटाला रेस द्यायचो, वळण आलं की ब्रेक मारायचो, पुन्हा रेस द्यायचो. तिनं दोनच दिवस बघितलं आणि शेवटच्या दिवशी मोबाइल मागितला. ब्रेकला हातच लावला नाही. एका लयीत, रांगत रांगत, सगळी वळणं. दिवस मावळता मावळता टँकर गावात. पट्टी निम्म्याच्या केसभर वर.

"कसं केलं गं मावशी?"

"कसं म्हंजे? घागर डोक्यावर घेऊन पळता व्हय रं तुमी? अन् पळून पळून मधीच खच्चकन थांबता? एका चालीनं चालायचं."

मग सगळे मावशीच्या चालीनं चढायला लागले. रात्रीच्या आत चौघं चढले, त्यात आप्पा. या वेळी त्यानं गूळ वाटला नाही. मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "तपास." मी तपासला. खरा होता.

मी मात्र चढलो नाही. मला मावशीची युक्ती वापरायची नव्हती. माझी मला सापडेल असं वाटत होतं, अजून वाटतं.

नातीनं दोन्ही वेळचे आकडे पुण्याला नेले आणि पहिल्या वेळी काय झालं तेही लपवलं नाही. साहेबांचा विश्वास बसला नाही म्हणे. असं कुणी करतं का, म्हणाले. त्यांनी दुष्काळ बघितला नसणार. बरेच दिवस भांडण चाललं. अखेर घाट राहिला, पण मधला मार्ग निघाला. गेम सुरू करतानाच दोन रस्ते विचारतात. एक घाटाचा, एक वळसा घालून जाणारा, लांबचा आणि सपाट. ज्याला जो पाहिजे तो. गुपचूप पाणी भरणं काढून टाकलं.

गेम निघाल्यावर तिचा फोन आला. मी विचारलं, "लोक कंचा रस्ता घेतात जास्ती?"

"सपाट, आबा. खूप जास्ती."

मला ते आवडलं नाही. पण आप्पाही आठवला.

"तो सपाट हाय असं लिवलंय का त्याच्यावर? का उगंच घाट चढला म्हनून शाब्बास म्हनतंय?"

"लिहिलंय. मोठ्या अक्षरात. शाब्बासपण काढलंय मी."

"बरं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग चप्पल घालून आप्पाच्या दुकानात गेलो, त्याच्या मोबाइलवर गेम लावून घेतला आणि सपाट रस्ता दाबून बघितला. लिहिलेलं होतं.